मिनिटाला पन्नास शब्दांचा हात

बाईंना बाई हे नाव ऑफिसनं दिलं. सरकारी कचेरीत छत्तीस वर्षं त्यांनी टायपिस्ट म्हणून काढली. तेवढ्या काळात सात साहेब आले आणि गेले, भिंतींचा रंग चार वेळा बदलला, पण "बाई, जरा एवढं पत्र घ्या" ही हाक काही बदलली नाही. मग शेजारीपाजारीही बाईच म्हणायला लागले आणि खरं नाव रेशनकार्डावर नि बँकेच्या पुस्तकात पडून राहिलं. मिनिटाला पन्नास शब्द हा त्यांचा हात. नजर मजकुराच्या कागदावर आणि बोटं आपली आपल्या वाटेनं. शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाशी भांडता भांडता त्या तीन पानांचा अहवाल उतरवायच्या आणि त्यात एक वेलांटी इकडची तिकडे व्हायची नाही. एकदा निवृत्तीचा दिवस आला, हार झाला, भाषण झालं. पण निवृत्त माणूस होतो, बोटं होत नाहीत. दुपारी डोळा लागला की बाईंची बोटं पांघरुणावर चालू असत. यजमान होते तोवर म्हणायचे, "आज कुणाची बदली केलीत?"

ते जाऊन आता आठ वर्षं झाली होती. घरात बाई आणि सून. मुलगा विजेच्या तारा ओढायच्या कामावर, आठवड्याचे सहा दिवस कुठल्यातरी माळावर खांबाखाली, सातव्या दिवशी घरी येऊन झोपायचा. सून पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. शहरभरच्या नळांचं पाणी छोट्या बाटल्यांतून तिच्या टेबलावर यायचं आणि ते प्यायला बरं की नाही हे ती ठरवायची. या कामाचा तिला फार अभिमान होता. "आई, आपल्या गल्लीचं पाणी आज पास झालं," असं ती जिन्यावरूनच ओरडत यायची, जणू गल्लीचा दहावीचा निकाल लागलाय.

घरातला पियानोही तिचाच. लग्नानंतर दोन महिन्यांनी तो टेम्पोतून आला, चार माणसांनी घाम गाळत जिन्यावरून चढवला आणि पुढच्या खोलीतल्या कपाटाची जागा बळकावून बसला. बाई त्याच्याभोवती एक फेरी मारून म्हणाल्या होत्या, "खातपीत नाही ना काही? मग राहू दे." सासू-सुनेचं जमलं ते असं, थट्टेवर. बाकी पियानोशी बाईंचा संबंध धूळ पुसण्यापुरता.

आणि साडेचार महिन्यांपूर्वी घरात तिसरी आली. आता वजन साडेसहा किलो, केस मोजून काढता येतील इतकेच, पण हुकूम असा की कचेरीतल्या सातही साहेबांनी तिच्यापुढे पाणी भरावं. हाक मारली की दोन्ही बायका हातातलं टाकून धावत. बाईंनी बारशाची वाट न बघता नातीचं नाव ठेवून टाकलं: साहेब. "साहेबांचं दूध झालं का?" "साहेब आज नाराज दिसतात." सूनही तेच म्हणायला लागली.

साहेबांची एकच अट अवघड होती. दुपारी साडेबाराला त्यांना झोप यायची, पण ती पियानोशिवाय यायची नाही. वेताची टोपली पियानोच्या कडेला अगदी चिकटवून ठेवायची, सुनेनं एक चाल वाजवायची, आणि लाकडातून ती गुणगुण टोपलीत उतरली की साहेबांच्या मुठी हळूहळू सैल पडायच्या. चाल कसली, चार ओळींची. सुनेला लहानपणी शिकवणाऱ्या मास्तरांनी नवशिक्यांसाठी स्वतः बांधलेली, तिला नावसुद्धा नव्हतं. खिडकीचा निळा पडदा वाऱ्यानं जरासा फुगायचा, फरशीवरचं ऊन टोपलीपर्यंत सरकत यायचं, आणि त्या वेळी त्या खोलीत बसलेल्या कुणालाही, अगदी बाईंनासुद्धा, आपण तरंगतोय असं वाटायचं. कितीतरी दुपारी बाईंच्या हातातली भाजी तशीच राहिली.

सुनेची रजा सहा महिन्यांची. ती संपत आली तशी तिची झोप उडाली. रेकॉर्डिंग करून बघितलं. फोन टोपलीजवळ ठेवला, चाल सुरू झाली, साहेबांनी डोळे टक्क उघडले आणि टाहो फोडला. "साहेबांना झेरॉक्स चालत नाही," बाई म्हणाल्या, "मूळ प्रतच लागते." मांडीवर घेऊन झालं, खांद्यावर घेऊन झालं. बाईंनी गाऊन बघितलं, पण बाईंचा गळा म्हणजे कोरड्या विहिरीवरचा रहाट, ते त्यांनाही ठाऊक होतं. दुपारची झोप चुकली की साहेब संध्याकाळपर्यंत रडत, दूध घेत नसत, रडून रडून लाल होत. डॉक्टर म्हणाले, काही आजार नाही, सवय आहे, मोडेल हळूहळू. हळूहळू म्हणजे किती, हे त्यांनी सांगितलं नाही.

एका दुपारी सून बाईंसमोर कोरा कागद घेऊन बसली.

"आई, एक पत्र सांगाल? तुम्हाला मजकूर माहीत असतो."

"कसलं पत्र?"

"राजीनाम्याचं."

बाईंनी चष्मा काढला. पुसला. परत घातला. राजीनाम्याचा मजकूर त्यांना तोंडपाठ होता, अशी शंभर पत्रं तरी त्यांनी उतरवली असतील. वैयक्तिक कारणास्तव. सुनेच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं आणि ती कागदाकडे बघत होती, बाईंकडे नाही.

"रजा कधी संपते?" बाईंनी विचारलं.

"सात आठवडे आहेत."

"मग सहा आठवडे हा कागद राहू दे. मला ती चाल शिकव."

सून आधी हसली. मग तिच्या लक्षात आलं की सासू हसत नाहीये.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांची अंघोळ झाल्यावर शिकवणी सुरू झाली. बाई स्टुलावर ताठ बसल्या, बोटं पट्ट्यांवर ठेवली आणि पहिली ओळ, सुनेनं दाखवली तशी, न चुकता वाजवली. एकदा बघून! सून थक्क झाली. पण टोपलीत जागे असलेले साहेब प्रत्येक सुराला दचकत होते. खट, डोळे मोठे. खट, ओठ वाकडा.

"आई," सून हसू दाबत म्हणाली, "पट्ट्या बरोबर आहेत सगळ्या. पण तुम्ही पत्र टाइप करताय."

"म्हणजे?"

"मारताय आणि लगेच उचलताय. दोन सुरांच्या मधे भोक पडतंय. पुढचं बोट टेकेपर्यंत मागचं उचलायचं नाही."

बाईंना हे पटेना. पटेना म्हणजे डोक्याला पटलं, बोटांना नाही. टाइपरायटरवर दोन बटणं एकदम दाबली गेली की आतल्या दांड्या एकमेकींत अडकतात, हात काळे करून सोडवाव्या लागतात, आणि तेवढ्यात साहेबांचा निरोप येतो, पत्र झालं का. सतराव्या वर्षी टायपिंगच्या वर्गात मास्तरांनी पट्टी मारून शिकवलं होतं: मारा आणि उठा, मारा आणि उठा. छत्तीस वर्षांत बाईंच्या यंत्राच्या दांड्या कधी अडकल्या नाहीत, आणि आता सून सांगत होती की अडकू द्या.

"चालताना कसं करतो आपण?" सून म्हणाली. "पुढचा पाय टेकला की मगच मागचा उचलतो ना? सगळं वजन या पायावरून त्या पायावर जातं. तसंच. बोटांनी चालायचं."

"आणि मी काय करते?"

"उड्या मारता."

मग बाई चालायला शिकल्या. नुसती पाच बोटं, पाच पट्ट्या, एकीवरून दुसरीवर, जाऊन यायचं. मागचं बोट पुढच्याच्या भरवशावर सोडायचं. दूध तापेपर्यंत ओट्याच्या कडेवर, बसमध्ये मांडीवरच्या पिशवीवर, दुकानात रांगेत उभ्या असताना स्वतःच्याच दंडावर. दुकानदारानं विचारलं, "बाई, हात दुखतोय का?" बाई म्हणाल्या, "नाही, फिरायला निघालाय." मुलगा रविवारी आला, आई जेवणाच्या टेबलावर डोळे मिटून बोटं दाबतेय हे बघितलं आणि बायकोला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "आईला बरं आहे ना?"

चार बोटं सुधारली, पण अंगठा सुधरेना. चालीत जिथे जिथे अंगठा यायचा, तिथे धप्प असा आवाज व्हायचा, जिन्यावरून कुणी पोतं टाकल्यासारखा. सुनेला कारण कळेना. बाईंनीच सांगितलं: टायपिस्टचा अंगठा जन्मभर फक्त दोन शब्दांमधली मोकळी जागा मारतो, लांब आडवी पट्टी, कशीही बडवली तरी चालते. त्याला कुणी अक्षर दिलेलंच नाही. सून म्हणाली, मग त्याला आता अक्षर द्या. बाईंनी आठवडाभर अंगठ्याची खुशामत केली. त्याला कडेवर आडवा टेकवायचा, वरून आपटायचा नाही, मनगटानं हळूच खाली न्यायचा. अंगठा बिचारा उशिरा शिकला, पण शिकला.

तिसऱ्या आठवड्यात दुधाची बाटली गेली. बाई दोन्ही हातांनी पहिली ओळ वाजवत होत्या, छान जुळत होती, टोपलीत साहेब अर्धे मिटलेले. ओळ संपली, आणि बाईंचा डावा हात आपण होऊन उठला आणि समोरच्या फळीवरून डावीकडून उजवीकडे सर्रकन फिरला. टाइपरायटरवर ओळ संपली की घंटी वाजते आणि डावा हात दांडा ढकलून कागदाचं कॅरेज परत आणतो. इथे घंटी वाजली नव्हती, पण बाईंच्या डोक्यात वाजली होती. फळीवर सुनेच्या वह्या होत्या आणि दुधाची भरलेली बाटली होती. बाटली फरशीवर, वह्या दुधात, साहेब किंचाळत.

सून आधी घाबरली आणि मग अशी हसत सुटली की खालीच बसली. बाई शरमेनं लाल झाल्या. रडणाऱ्या साहेबांना त्यांनी उचलून घेतलं आणि म्हणाल्या, "नवीन ओळ घेतली गं मी." त्या दिवसापासून फळीवर काही ठेवायचं नाही असा नियम झाला. हात मात्र पुढचे आठ दिवस प्रत्येक ओळीला अर्धा उठून परत बसायचा.

पण त्या बाटलीमुळे एक फायदा झाला. सुनेनं विचारलं, ओळ संपली हे तुम्हाला कळतं कसं? बाई म्हणाल्या, मोजते मी मनात, इतके सूर झाले की संपली.

"तुम्ही टाइप करताना काय वाचायचात आई? वाक्य?"

"छे! वाक्य वाचलं की चूक झाली. अक्षरं वाचायची. मजकुरात काय आहे ते आपल्याला कशाला हवं?"

"इथे हवं," सून म्हणाली. "हे सूर सुटे सुटे नाहीत, हे एक वाक्य आहे. आधी तोंडानं गुणगुणा. एका श्वासात किती जातं बघा. श्वास संपेल तिथे मनगट उचला, नवा श्वास घेतला की खाली या."

बाई गुणगुणल्या. रहाट करकरला. पण एका श्वासात पहिली ओळ गेली, आणि दुसऱ्या श्वासात दुसरी. तिसरी ओळ लांब होती, तिला मधेच चोरून श्वास घ्यावा लागला. चौथीच्या शेवटी काहीतरी सांगून झाल्यासारखं वाटलं. बाई स्टुलावर तशाच बसून राहिल्या. छत्तीस वर्षांत त्यांच्या हाताखालून किती माणसांच्या बदल्या, बढत्या, चौकशा, वारसांचे अर्ज गेले होते, आणि त्यांनी त्यातलं एकही वाचलं नव्हतं. त्यांना एकदम वाईट वाटलं. कुणासाठी ते नीट कळलं नाही.

त्या दुपारी त्यांना डुलकी लागली आणि स्वप्न पडलं. टायपिंगचा मोठा हॉल होता, त्यांच्या तरुणपणीचा, चाळीस यंत्रं आणि चाळीस मुली, वेण्या पाठीवर. पण खडखडाट नव्हता. प्रत्येक मुलीनं बटणावर बोट ठेवलं की ते उचलायचीच नाही, आणि बटणाखालून एक लांब सूर निघायचा, तो पुढच्या मुलीच्या सुरात मिसळायचा. कागद यंत्रातून वर येत होते ते कोरेच होते, आणि खिडकीतून बाहेर जाऊन पडद्यासारखे हलत होते. मास्तर पट्टी घेऊन उभे होते, पण तेही डोळे मिटून. बाई जाग्या झाल्या तेव्हा ऊन टोपलीपर्यंत आलं होतं आणि सून वाजवत होती. पहिल्यांदाच त्यांनी ऐकलं की एक सूर वाजतो तेव्हा तो लगेच विझायला लागतो, आणि सून पुढचा सूर नेमका त्या विझत आलेल्या आवाजाइतकाच लावते. म्हणून सांधा दिसत नाही. दिवा मालवत आला की त्याच उजेडाचा दुसरा लावायचा, एवढंच ते होतं.

"मी पुढचा फार मोठा लावते," त्या झोपाळू आवाजात म्हणाल्या.

सुनेनं वाजवता वाजवता मान हलवली.

मग डावा हात आला. तो उजव्याच्या डोक्यावर बसायचा. सुनेनं सांगून बघितलं, हळू, अजून हळू, पण बाईंचे दोन्ही हात बरोबरीचे, दोघांना सारखंच काम करायची सवय. शेवटी बाईंनीच तोड काढली. "डावा म्हणजे कार्बनची प्रत," त्या स्वतःला बजावायच्या. "दिसली पाहिजे, पण फिकी." आणि डावा हात फिका झाला. सुनेनं हे वाक्य आपल्या दूध सांडलेल्या वहीत लिहून ठेवलं.

पायाखालच्या उजव्या पेडलचा शोध बाईंना एकटीनं लागला. पेडल दाबून धरलं की सूर तुटतच नाहीत! एवढी सोय असताना सुनेनं महिनाभर बोटं का झिजवली? सून बाजारातून आली तेव्हा बाई पेडल दाबून ऐटीत वाजवत होत्या आणि घरभर घोंगावत होतं. "आई, सगळ्या ओळी एकाच कागदावर एकावर एक टाइप झाल्यात," सून म्हणाली. बाईंनी कान दिला आणि त्यांनाही ते गिचमिड ऐकू आलं. मग बोटांनी आधी जोडायचं आणि पेडल फक्त मिठापुरतं, हे ठरलं. नवा सूर लागताना पाय वर, लागल्यावर खाली. पापणी मिटते-उघडते तेवढंच. बाई टोपलीतल्या पापण्यांकडे बघून ते शिकल्या.

सहावा आठवडा संपला. चाल चारही ओळी, दोन्ही हातांनी, भोक न पडता येत होती. सून म्हणाली, उद्या तुम्ही झोपवा. मी खाली जिन्यात बसते.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला ती जिन्यात बसली. बाईंनी पडदा ओढला, टोपली लावली, वाजवायला घेतलं. पहिली फेरी सुरेख झाली. दुसरीला साहेब कुरकुरले. पाय झाडले. स्टुलावर रोजचा चेहरा नाही हे त्यांच्या लक्षात आलं असावं. बाईंच्या बोटांनी घोळ केला. छत्तीस वर्षं साहेब आतून ओरडले की काय करायचं हे त्यांना पक्कं माहीत होतं: वेग वाढवायचा. चाल पळायला लागली. साहेब रडायला लागले. बाई अजून पळाल्या. चुकल्या नाहीत एकदाही, पण शेवटी शेवटी तर नुसतं पन्नास शब्दांच्या वेगानं खडखडत होतं आणि टोपलीत आकांत चालला होता.

सून धावत वर आली. तिनं काही न बोलता स्टूल घेतलं, आणि सात मिनिटांत साहेब झोपले. बाई स्वयंपाकघरात भिंतीला टेकून उभ्या होत्या.

"राहू द्या आई," सून आत येऊन म्हणाली. "तुम्ही खूप केलंत. नोकरी काय, पुढे बघता येईल."

"पुढे म्हणजे कधी?"

सून नळ सोडून हात धुवत राहिली, बराच वेळ. मग नळ बंद करून म्हणाली, "परवा साफसफाईत माझा पांढरा कोट सापडला. घालून बघितला मी. होतोय अजून." आणि तिचा आवाज फाटला.

बाईंना राग आला. सुनेचा नाही, त्या सात साहेबांचा, स्वतःच्या बोटांचा. पोरीनं इतकं शिकून पाणी पारखायची विद्या मिळवली आणि ती आपल्या पन्नास शब्दांपायी पाण्यात जाणार! त्या म्हणाल्या, "अजून सहा दिवस आहेत. रडली की हळू. एवढंच राहिलंय ना? साहेब ओरडले की हळू. शिकते मी."

आणि सहा दिवस त्या हळू व्हायला शिकल्या. बाई वाजवत असताना सून मुद्दाम भांडं आपटायची, दाराची कडी वाजवायची, "बाई, पत्र झालं का?" असं साहेबी आवाजात ओरडायची, आणि प्रत्येक वेळी बाईंनी उलट सावकाश व्हायचं. आधी घाम यायचा. बोटं पुढे ओढायची, दोर लावलेल्या बैलासारखी. मग कधीतरी चौथ्या दिवशी सुनेनं परात पाडली आणि बाईंना ती दूर कुठेतरी, दुसऱ्याच्या घरात पडल्यासारखी वाटली. त्यांनी सूर धरून ठेवला, तो पूर्ण विझेपर्यंत थांबल्या, श्वास घेतला आणि मग पुढचा लावला.

एक तारखेला सून सकाळी नऊला निघाली. दारात तीन वेळा परत फिरली. एकदा डबा विसरला म्हणून, एकदा छत्री, तिसऱ्यांदा तिला कारणच सापडलं नाही. बाईंनी तिला जवळजवळ ढकलूनच जिन्यावर घातलं.

साडेबारा वाजले. पडदा, टोपली, स्टूल. बाईंनी बोटं पट्ट्यांवर ठेवली आणि क्षणभर नुसत्या बसल्या. मग पहिला सूर लावला. साहेबांनी मान वळवून दाराकडे बघितलं. बाई चालत राहिल्या. दुसऱ्या ओळीत कुरकुर सुरू झाली, बाई हळू झाल्या. साहेबांनी पुन्हा दाराकडे बघितलं, ओठ थरथरला. बाई अजून हळू झाल्या, इतक्या की एकेका सुराची शेपटी हवेत संपताना ऐकू येत होती. डावा हात फिका पडत पडत नुसती सावली उरला. रस्त्यावरून कुणी सायकलची घंटी वाजवत गेलं, ते ऐकून साहेबांचे डोळे उघडले, पण बाई थांबल्या नाहीत, पळाल्या नाहीत. चालीची तिसरी फेरी झाली, चौथी झाली. पडदा फुगला आणि बसला. आपण वाजवतोय की कुणी दुसरं वाजवतंय आणि आपण ऐकतोय हे बाईंना नीट सांगता आलं नसतं. सहाव्या फेरीच्या शेवटच्या सुरावर त्यांनी बोट तसंच ठेवलं, लाकडातली गुणगुण थांबेपर्यंत. टोपलीत बघितलं तर दोन्ही मुठी उघड्या होत्या.

एक वाजता फोन थरथरला. बाई तो घेऊन स्वयंपाकघरात गेल्या.

"आई?" सून कुजबुजत होती, प्रयोगशाळेच्या जिन्यात असावी. "झोपली?"

"झोपली! सहा फेऱ्यांत. पंधरा मिनिटं."

"खरंच?"

"खरंच."

"खूप रडली का?"

"अगं नाही! जरा कुरकुरली फक्त. रडली नाहीच."

बाईंना वाटलं, आता पोरगी आनंदानं ओरडेल. पण अगदी बारीक आवाजात सून म्हणाली, "अजिबातच नाही?"

बाई तिथेच, ओट्याला धरून, थांबल्या.

त्यांच्या स्वतःच्या सासूबाई रोज संध्याकाळी दारात उभ्या असायच्या. बाई कचेरीतून धापा टाकत यायच्या, पोर हातात घ्यायच्या, आणि सासूबाई न चुकता म्हणायच्या, "आजही रडला हो, तुझ्या नावानं." रोज. बाईंच्या काळजात ते कुसळासारखं रुतायचं. नोकरी करतेस म्हणून पोर रडतं, असाच त्याचा अर्थ, दुसरा काय असणार? त्यांनी कधी उलट उत्तर दिलं नाही, पण माफही केलं नाही. पुढे सासूबाई अंथरुणाला खिळल्या, बाईंनी त्यांचं सगळं केलं, आणि तेव्हाही ते वाक्य मनात तसंच होतं. चौतीस वर्षं त्यांनी ते टोमणा म्हणून सांभाळलं होतं. पोरगा खरंच रोज रडायचा का, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. आणि आज सुनेचा हा आवाज ऐकल्यावर बाईंना कळलं की सासूबाई दारात उभ्या राहून टोचत नव्हत्या, थोपटत होत्या.

"ऐक," बाई म्हणाल्या. "दाराकडे बघत होती. दोनदा. तू गेलीस ना, त्या दाराकडे. ओठ असा थरथरला तिचा."

"हो?"

"हो गं. तुझ्याच नावानं."

पलीकडे सुनेनं नाक ओढलं. मग ती हसली, मग पुन्हा नाक ओढलं, आणि म्हणाली, "जाते आई, नमुने पडलेत सगळे. पाचला निघते."

"सावकाश ये," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. मग ओट्याशी उभ्या राहून सासूबाईंच्या आठवणीनं त्या रडल्या, चौतीस वर्षांत पहिल्यांदा, पदर तोंडात धरून, कारण साहेब झोपले होते.